आक्का, खालच्या रानात अजून पाणी आहे

आक्का, तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले आणि खालच्या रानात अजून पाणी आहे. भेटायला येणाऱ्या बायका विचारतात, "जाऊबाईंची लय आठवण येत असंल न्हाई?" येते हो. पण खरं सांगू का, सकाळी जाग आली की आधी पाणी आठवतं, मग तुम्ही. आणि मग स्वतःचाच राग येतो.

आत्ता दुपार आहे. दादा सोप्यात भिंतीकडे तोंड करून पडलेत. झोपलेत असं दाखवतात, पण तुम्ही गेल्यापासून तुमचे मालक दुपारचे झोपतच नाहीत. आमचे हे ओढ्यावर पाणी बघायला गेलेत. दिवसातून तीनदा जातात, जसं काही ह्यांनी बघितलं म्हणून ते उतरणार आहे. मी पोराच्या जुन्या वहीची कोरी पानं काढून बसलेय, कारण तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि तीच गोष्ट उद्याच्या आत दादांनाही सांगावी लागणार आहे.

तुम्ही असता तर आधी रानाचं विचारलं असतं, म्हणून तेच आधी सांगते. आपण दोघींनी उभं राहून केलेली उसाची लावण आता दीड महिन्याची झाली, गुडघ्याएवढी आहे. सऱ्यांमधून पाणी तुंबलंय. शेंड्याकडची पानं पिवळट पडलीत, खालची पात वाळायला लागलीय. कृष्णेला फुगवटा आहे, म्हणून ओढा तुडुंब, आणि ओढा तुडुंब म्हणून आपला चर पाणी घेईना. त्यात तुमच्या तेराव्यापर्यंत रानाकडं कुणी फिरकलं नाही, चरात हे एवढं गवत माजलंय. काल दादांनी युरियाच्या गोण्या आणून शेडात टाकल्या. उद्या उघडीप मिळाली की पाण्यातच फेकायचा म्हणतात.

मी दबकतच म्हटलं, "दादा, पाणी उतरून वाफसा येऊ द्यायचा का? आक्का म्हणायच्या..."

"तिचं ऐकून एकदा रान घालवलं बाई," ते म्हणाले. "आता न्हाई." आणि हे बोलताना त्यांनी आवाज खाली घेतला, तुम्ही आत चुलीपाशी असल्यासारखा.

आक्का, ते रान तुमच्यामुळे गेलं नव्हतं. माझ्यामुळे गेलं होतं. हे जगात मला एकटीलाच माहीत आहे आणि मी दोन वर्षं तोंड शिवून बसलेय.

तुम्ही मला घाबरगुंडी म्हणायचात. काही खोटं नव्हतं त्यात. मी मिरजेची, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, बारावी झालेली, आणि बांधावरून चालताना दोन्ही हात पसरणारी. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात माझा पाय चिखलात गुडघ्यापर्यंत रुतला आणि मी अशी किंचाळले की शेजारच्या तात्यांच्या रानातल्या बायका खुरपी टाकून धावत आल्या. तुम्ही मात्र कमरेवर हात ठेवून उभ्या होतात. "पाय काढ की. रानानं गिळलंय व्हय तुला?" असं म्हणालात. पाय निघाला, पण चप्पल आतच राहिली. दुसऱ्या दिवशी तुम्ही दादांच्या जुन्या गमबुटांच्या पुढच्या भागात चिंध्या कोंबून ते माझ्या मापाचे केलेत आणि दादांना सांगितलंत, ते उंदरांनी खाल्ले.

तुमचं माहेर लोणंदकडचं, पाण्याला महाग असलेलं. तिथली पोर इथं कृष्णाकाठच्या काळ्या रानात येऊन पडली. तुम्ही म्हणायचात, "आमच्याकडं पाणी यायची वाट बघत बसायचं, हितं पाणी जायची. बसायचं काय सुटलं न्हाई." मला वाटतं म्हणूनच तुम्हाला पाण्याचं इतकं कळायचं. इथल्या माणसांना पाण्याचं कौतुक, तुम्हाला त्याचा संशय.

शेतकी खात्याचे एक साहेब एकदा पाणथळ रानं बघत आले होते. सगळ्या पुरुषांनी माना डोलावल्या आणि चहा पिऊन गेले. तुम्ही पाठीमागं उभ्या राहून ऐकलंत आणि साहेबांना परत थांबवून विचारलंत. ते म्हणाले, पाणी साचलं की मातीत हवा राहत नाही, मुळं गुदमरतात, गुदमरलेलं मूळ खत उचलत नाही. वरून टाकलेल्या युरियातला काही नत्र वाफ होऊन उडतो. मातीतले जीवजंतूही हवा मिळेना म्हणून नत्रावरच श्वास काढतात आणि त्याचा वायू होऊन जातो. उरलेला ओढ्याला. मी ते सगळं लिहून घेतलं. तुम्ही लिहून घेतलं नाहीत. घरी येताना म्हणालात, "नाक दाबलेल्या माणसाला कुणी जेवू घालतं व्हय? आदी नाक सोडा." माझी वही कुठं गेली कुणास ठाऊक, तुमचं वाक्य आजूबाजूच्या चार वाड्यांत गेलं.

मग आपल्याकडं तसंच व्हायचं. आधी चर मोकळा करायचा, पाणी काढायचं. ऊस अगदीच पिवळा पडला तर शंभर लिटर पाण्यात दोन किलो युरिया विरघळवून पानांवर फवारायचा, तेवढ्यावर तो तग धरतो. आणि मग वाफशाची वाट बघायची. वीतभर खोल माती काढून मुठीत दाबायची आणि गोळा खाली सोडायचा. फुटला तर वाफसा, नाहीतर चुलीपुढं बसा. बायका पदरात ढेकळं बांधून तुमच्याकडं यायच्या. तुम्ही भाकरी थापता थापता एका हातानं ढेकूळ दाबून बघायचात आणि सांगायचात, "अजून दोन दिस." दुकानदारसुद्धा गिऱ्हाइकाला म्हणायचा, आधी आक्कांना विचारून या.

आणि तुमचं ते मूठ बघणं! तशी पद्धत मी दुसऱ्या कुठल्या घरी बघितली नाही. खत टाकायच्या दिवशी बायका आल्या की आधी रांगेनं उभ्या करायच्या. प्रत्येकीनं एकेक मूठ युरिया तुमच्या सुपात टाकायची, तुम्ही बघायचात. "तुजी मूठ लय मोठी, दोन बोटं आखड. शालन, तू नवऱ्याला वाढतीस तसं वाढ की गं, उसानं काय केलंय तुजं?" बायका हसून हसून लोळायच्या. पण मग दिवसभर सगळ्यांची मूठ सारखी पडायची. उसाच्या प्रत्येक बेटाच्या बुडाशी एक मूठ, वर मातीची भर. बायका जमवून आणणाऱ्या शालनला तुम्ही दिवसातून दहा वेळा बोलायचात आणि जाताना भाजी तिच्याच पाटीत जास्त असायची.

एक जुनी गोष्ट लिहूनच टाकते, नाहीतर पुढं धीर होणार नाही. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी युरियाच्या गोणीचं तोंड उघडं ठेवलं होतं. पावसाळी हवेनं आतला युरिया पाझरून दगड झाला. सासूबाई सगळ्या घराला ऐकू जाईल असं ओरडल्या, कुणी ठेवलं उघडं म्हणून. मी पडद्यामागं उभी. तुम्ही ताकाचा तांब्या खाली ठेवलात आणि म्हणालात, "माज्या हातनं राहिलं." आठवडाभर बोलणी खाल्लीत. मला नंतर एवढंच म्हणालात की दोरी दोन्हीकडून बांधत जा. तुमचे उपकार किती आणि कुठले सांगू, पण हा मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण पुढं मी काय केलं ते तुम्हाला माहीत नाही.

दोन वर्षांपूर्वीचा श्रावण. लेकीच्या, रूपालीच्या बाळंतपणाला तुम्ही साताऱ्याला गेलात, दादा पोचवायला गेले ते तिथंच थांबले. पाऊस आठवडाभर कोसळत होता. निघताना तुम्ही पायरीवरून मला सांगितलंत, "पाण्यात खत घालू नगंस. वाफसा आला की शालनच्या बायका बोलीव, मूठ बघ आणि टाक." शेडात चार गोण्या होत्या, खालच्या दोन एकराच्या पहिल्या हप्त्याच्या.

पहिले तीन दिवस मी धीर धरला. चौथ्या दिवशी पानं पिवळी दिसायला लागली. तात्यांनी त्यांच्या रानात पाण्यातच युरिया फेकला होता आणि बांधावरून मला त्यांचा ऊस हिरवा वाटायला लागला. आता कळतं, त्यांचं रान हातभर उंच आहे, पाणी आधी उतरतं. तेव्हा काही कळत नव्हतं. फोनवरच्या ग्रुपात एक म्हणे टाका, दुसरा म्हणे थांबा, तिसरा कसलीतरी बाटली विकत होता. ह्यांची डेअरीत ड्युटी. मी दिवसात सहा वेळा रान बघून आले. तुम्हाला फोन करावा तर बाळाचं रडणं ऐकू यायचं आणि तुम्ही घाईत. आणि मला वाटलं, आक्का येतील, पिवळं रान बघतील, म्हणतील घाबरगुंडीवर रान सोडून गेले तर तिनं मारलंच. बस, एवढंच डोक्यात घेतलं. पाटी घेतली आणि दोन गोण्या, पाटी पाटी करून, एकटीनं पाण्यात फेकल्या. संध्याकाळी खांदा वर होत नव्हता आणि मला लय हलकं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन आलं आणि बांधावर उभं राहिलं की नाकाला झोंबणारा वास यायचा. मला तो वास कसला ते माहीत होतं, युरिया वाफ होऊन उडत होता. मीच तर लिहून घेतलं होतं. त्याच्या पुढच्या दिवशी जोराचा पाऊस आला, बांधावरून पाणी ओढ्यात गेलं, आणि उरलंसुरलं तेही गेलं. ऊस होता तसाच पिवळा.

मी दुकानात पळाले. दुकानात युरिया नव्हता. गाडी आली की देतो म्हणाले. शेजारच्या गावात नव्हता, पलूसलाही नव्हता. तुम्ही आलात, उघडीप मिळाली, वाफसा आला. प्रवासानं तुमचा गुडघा सुजला होता, खालच्या रानात उतरणं शक्य नव्हतं. वरच्या बांधावर गोणपाट टाकून बसलात आणि मला म्हणालात, "तू बघ मूठ."

आणि मी बघितली आक्का. चार गोण्यांचं काम दोन गोण्यांत पुरवायचं होतं. मी खाली सगळ्या बायकांना सांगितलं, "मूठ आखडा. निम्मी टाका."

शालन थांबली. "निम्मी? एवढ्या पिवळ्या उसाला? आक्कानी सांगितलंय व्हय?"

"व्हय," मी म्हणाले. "आक्कांनीच सांगितलंय."

संध्याकाळी चार रिकाम्या गोण्या झटकून, घडी घालून तुमच्यापुढं ठेवल्या. तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवलात. दमलीस म्हणालात.

तो ऊस वर आलाच नाही. कांडी बोटाएवढी राहिली. तोडायला आलेली टोळी हसली, बुडख्यांवर पुढचं पीक, खोडवा, ठेवायच्या लायकीचा नव्हता म्हणून दादांनी रान नांगरून टाकलं. चावडीवर बोलणी झाली की पाणी असतानाच टाकायला हवा होता, वाफसा वाफसा करत बसले. तुम्ही पहिल्यांदा हसण्यावारी नेलंत. मग एक दिवस निवडत असलेल्या तुरी तशाच ठेवून म्हणालात, "माजा अंदाज चुकला गं. उशीर केला मी." मी म्हणाले, "असू दे हो आक्का, पाऊसच तसला होता." केवढं सोपं होतं तेव्हा सांगणं! तुरीचं सूप मध्ये आणि आपण दोघी. तुम्ही फार तर ते सूप माझ्या अंगावर भिरकावलं असतंत.

ढेकळं घेऊन येणाऱ्या बायका कमी झाल्या. परसाल एकजण आली तर तुम्ही हात पदराला पुसलात आणि म्हणालात, "मला काय कळतंय, दुकानदाराला इचार." ती गेल्यावर मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. तीन वेळा तरी सांगायला निघाले होते. एकदा सांगलीच्या एसटीत, पण तुम्हाला खिडकीशी डुलकी लागली. एकदा आपलं त्या जमिनीखालच्या पाइपांवरून भांडण झालं तेव्हा. तुम्हाला खालच्या रानात भोकाचे पाइप पुरून घ्यायचे होते, पाणी कायमचं काढायला. मी म्हणत होते, त्यापेक्षा तिथं ऊसच नको. तुम्ही म्हणालात, "माजं आता कोण ऐकतंय?" आणि भांडण तिथंच राहिलं. ते भांडण मला पुरं करायचं होतं हो. तुमचंच बरोबर होतं.

तिसरी वेळ मिरजेच्या दवाखान्यात. सकाळी दहाची भेटायची वेळ, दादा औषधं आणायला गेलेले. तुम्ही डोळे उघडलेत आणि विचारलंत, "खालच्या रानात पाणी हाय का?"

"न्हाई आक्का. चर वाहतोय."

पाणी होतं. पण तुमच्या छातीचं वरखाली होणं बघून माझ्यानं दुसरं काही बोलवलं नाही. तुम्ही म्हणालात, "मग बरं. औंदा तूच बघ वाफसा. माजं काय खरं न्हाई आता, पर तुजा हात बरा हाय." मी तुमचा हात धरून नुसती मान हलवली. सांगायची ती शेवटची वेळ होती हे मला तेव्हाच कळत होतं. तरी गप्प राहिले. एवढी भित्री बाई तुम्ही पदरात घेतली होतीत.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवल्याबरोबर कावळा शिवला. सगळे म्हणाले, समाधानानं गेली, काही राहिलं नाही तिचं. म्हणजे तुम्हाला खरंच काही कळलेलं नव्हतं. तुम्ही स्वतःचीच चूक मानून गेलात.

आणि तेराव्याला जेवणं चालली असताना शालन बोलून गेली. तिच्या मनात काही नव्हतं. डोळे पुसत म्हणाली, "आक्कांचा हात लय सढळ. पर त्या साली का कुणास ठाऊक, युरियाची मूठ आखडायला लावली. मला तवाच वाटलं हुतं, ऊस काय येत न्हाई." दादा पंक्तीत पाणी वाढत होते. तांब्या तसाच धरून म्हणाले, "कुणी? हिनं?" शालन व्हय म्हणाली. दादांनी तुमच्या फोटोकडं बघितलं आणि पुढच्या पानाला गेले. त्यांना आता वाटतं की तुम्ही उशीरही केलात आणि हातही आखडलात. उद्या ते तुमच्यावरच्या त्या रागानं पाण्यात युरिया फेकणार आणि लावण पुन्हा जाणार. हे मी थांबवू शकते, पण कसं ते तुम्हाला कळलंच असेल.

आमचे हे परत आले. पाणी बोटभरसुद्धा उतरलेलं नाही म्हणतात.

*

मध्ये वही उघडली नाही. पुढचं नऊ दिवसांनी लिहितेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला. ह्यांनी एक गोणी बांधावर नेऊन टाकली, दादांनी विजार वर खोचली. मी मागनं गेले. रात्रभर मनात जुळवलेलं एक वाक्य आठवेना. काय करावं सुचेना, तेव्हा मी जाऊन त्या गोणीवर बसले.

"उठ बाई," दादा म्हणाले. "पुन्यांदा पाऊस यायच्या आत टाकून घेऊ."

"न्हाई उठत."

हे म्हणाले, "अगं, काय पोरखेळ हाय का?"

मग मी सांगितलं. उलटसुलटच सांगितलं. आधी मुठीचं, मग शालनचं, मग साताऱ्याचं, मग पुन्हा मुठीचं. आक्कांनी आखडायला लावलं नव्हतं, मी लावलं. आक्कांचं नाव मी सांगितलं. दोन गोण्या मी पाण्यात घातल्या आणि त्यांचा वाससुद्धा मला आला होता. हे नुसते "तू? कवा?" एवढंच म्हणत राहिले. दादा पाण्यातल्या लावणीकडं बघत उभे. मला वाटलं हात उगारतील, आणि खरंच सांगते, उगारला असता तर बरं वाटलं असतं.

"तिला सांगितलंस का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होते. "शेवटी शेवटी मला म्हणायची, माजं डोकं चालंना झालंय, मला कायबी इचारू नका. आन् मी म्हणायचो, व्हय, वय झालं तुजं." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मला न्हाई सांगितलंस त्ये जाऊ दे. तिला सांगायचं हुतंस गं पोरी."

एवढं बोलून त्यांनी मला उठायला लावलं, गोणी खांद्यावर घेतली आणि शेडाकडं चालू लागले. या वयात, एकटेच. ह्यांना हातसुद्धा लावू दिला नाही.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा मागितला. त्या दोन दिवसांत तिघांनी मिळून चर उपसला, एकमेकांशी न बोलता. ह्यांनी पाठीवर पंप घेऊन पानांवर युरिया फवारला, प्रमाणात मी विरघळवून दिला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती ते रोज फोनवर यायचं. दादा चष्मा लावून ते मोठ्यानं वाचायचे, कुणाला उद्देशून ते कळायचं नाही. मग फुगवटा उतरला, ओढा हलला आणि चरानं पाणी ओढायला सुरुवात केली.

शालनला मी तिच्या सगळ्या बायकांसमोर, टाकीपाशी सांगितलं. तिनं घागर खाली ठेवली. "मंग दोन वरसं आमी आक्कास्नी नावं ठेवली, त्याचं काय?" उत्तराची वाट न बघता ती घागर उचलून गेली. चार दिवस माझ्या दारावरून जाताना मान वळवत होती. ती रागावली ते बरंच झालं आक्का. तुमच्या बाजूनं कुणीतरी रागवायला हवंच होतं. सोमवारी आपण होऊन म्हणाली, "खत टाकायला कवा यायचं ते सांग." तिच्या आवाजात अजून गोडवा नाही. मी मागितलाही नाही.

तुमची आठवण आता वेगळी येते. दुखतं जास्त, पण पाण्याच्या आधी येते. चहा गाळताना तुमच्यासाठी जास्त साखरेचा वेगळा कप काढला जातो, मग तो मीच पिते. साखर लय घालायचात हो तुम्ही, आजही मला ते पटत नाही.

आज सकाळी खालच्या रानात पाणी नव्हतं. शालनच्या सात बायका पाट्या घेऊन बांधावर उभ्या, हे गोण्यांपाशी, दादा काठी टेकून. मी सरीत उतरले, वीतभर खोल माती काढली आणि दाबली. गोळा सोडला. तो फुटला, पण नीट फुटला नाही, दोन मोठे तुकडे झाले आणि थोडी माती तळहाताला राहिली. दुसऱ्या ठिकाणी बघितलं. तिसऱ्या ठिकाणी बघितलं. तीनही ठिकाणी तसंच. फवाऱ्यानं पानं जरा सावरलीत, पण पिवळेपणा गेलेला नाही, एकेक दिवस महाग आहे. तुम्ही काय म्हणाला असतात? मी खरंच कान लावून उभी राहिले. काही आलं नाही. वर बांधावर अकरा माणसं असल्यासारखं वाटत होतं, होती नऊच.

"काय?" दादांनी वरून विचारलं. "टाकायचं का आज?"

'आक्का म्हणायच्या' असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं.

"आज न्हाई," मी म्हणाले. "उद्या सकाळी. माझं सांगणं हाय."

दादांनी एकदा माझ्या हाताकडं बघितलं आणि काठी उचलली. बायका कुरकुरत गेल्या, एक दिवस मोडला त्यांचा. आता दुपारचे तीन वाजलेत आणि पश्चिमेला काळं भरून आलंय. रात्रीतून पाऊस पडला तर लावण गेलीच समजा, आणि उद्या सगळा गाव म्हणेल की धाकटीनं रान घालवलं. म्हणू देत आक्का. या वेळी नाव तरी बरोबर माणसाचं घेतील.